मंजुरी येईपर्यंतची ओवी

मी भूगोलाचा मास्तर आहे आणि मिरजेच्या बाजारात हमखास रस्ता चुकतो. आमच्याकडे पाहुणे आले की ही गोष्ट चहाबरोबर निघते. बायको सांगते, मुलगी दुजोरा देते आणि मी पोट सावरत हसतो, कारण ती खरी आहे. आता सांगतोय ती गोष्ट मात्र चहाबरोबर काढण्यासारखी नाही. पण आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे, ते दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

माझं आजोळ धनगराचं. आटपाडीच्या पलीकडे, सांगली जिल्हा संपून सातारा लागतो नेमक्या त्या हद्दीवर मामांचं घर. घर सांगली जिल्ह्यात, मेंढरांचं कुंपण सातारा जिल्ह्यात. मामांना त्याचं कधी काही वाटलं नाही. अडचण पुढे मला आली, ती गोष्टीत येईलच. मामा दोन. थोरला आणि धाकटा. दिवाळी झाली की त्यांचा वाडा हलायचा. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या, बायकापोरं असं सगळं चालतं घरदार. विट्यावरून, कराडवरून ते शिराळ्याच्या डोंगरापर्यंत जायचे, वाटेत लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे.

निघायच्या दिवशी सकाळी थोरला मामा वाटेची ओवी म्हणायचा. वर्षातून दोनदाच ती बाहेर निघे. एकदा निघताना आणि एकदा वाडा परतल्यावर गावच्या यात्रेत. घरापासून शिराळ्यापर्यंत मेंढरं जिथे जिथे पाणी पितात, त्या प्रत्येक जागेची एक ओळ. जुन्या ओळी तशाच राहायच्या आणि वाटेत काही बदललं की मामा त्यात नवी ओळ घालायचा. अमक्या ओढ्याच्या काठाला कुंपण आलं, तमकी विहीर बुजली, या वस्तीवरच्या म्हातारीनं पाणी पाजलं, तिचं भलं होवो. ओळ थोरल्यानं टाकायची आणि धाकट्यानं मागून तिचं शेपूट उचलायचं. शेपटात नुसतं त्या जागेचं नाव आणि एक लांब हाळी. धाकट्या मामानं जन्मभर शेपूटच उचललं. पुढचा गाणारा जिता आहे तोवर मागच्यानं त्याची ओळ तोंडात घ्यायची नाही, अशी आमच्या आजोळची रीत.

लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मी ती ओवी ऐकायचो. म्हणजे ऐकायला उभा असायचो. माझ्या हातात एक कोकरू दिलेलं असे आणि ते पळू नये या काळजीत ओवी कानावरून निघून जायची. मोठेपणी भूगोल शिकलो, नकाशे काढले, पीएच.डी. झालो, तीही केस गेल्यावर. तेव्हा एक दिवस डोक्यात उजेड पडला की ज्या वाटेचा नकाशा कुठल्याच कार्यालयात नाही, तो मामाच्या तोंडात आहे. त्यातली निम्मी पाणवठ्याची ठिकाणं आता उसाखाली गेलीत, काहींवर प्लॉट पडलेत. मामा पंच्याहत्तरीच्या पुढचा. ती ओवी सगळी उतरवून घ्यायची आणि तिच्यावरून ती वाट कागदावर आणायची, एवढंच मला करायचं होतं. आयुष्यात बाकी काही धड केलं नाही, हे तरी करावं म्हटलं.

त्यासाठी संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव करायचा ठरवलं, आणि नेमके त्याच उन्हाळ्यात प्रस्ताव पाठवायचे नियम बदलले.

कॉलेजात त्याची कार्यशाळा झाली. बाहेरगावाहून एक गृहस्थ आले होते. फार सभ्य, आवाज मऊ. त्यांनी पडद्यावर नवे नियम दाखवले. पूर्वी प्रस्तावाला प्राचार्यांची सही पुरायची. आता नीतिसमितीची मान्यता हवी, माहिती देणाऱ्या माणसाचं त्याच्या भाषेत संमतीपत्र हवं, त्यावर साक्षीदार हवेत, संशोधक आणि माहितीदाता यांचं नातं असेल तर ते जाहीर करायला हवं, माहिती कुठे आणि किती वर्षं ठेवणार ते हवं, मजकूर कुठून उचललेला नाही याचा दाखला हवा. आणि हे सगळं पोर्टलवर, ठरलेल्या आकाराच्या फाईलमध्ये. मी उपमा खात सगळं वहीत उतरवून घेत होतो. नियम वाईट नव्हते. अडाणी माणसाकडून गोड बोलून त्याचं गाणं, त्याचं औषध, त्याचं रक्तसुद्धा कुणी उचलून नेऊ नये म्हणून ते केलेले, असं त्या गृहस्थांनी सांगितलं आणि मला ते पटलं. आजही पटतं.

शेवटचा नियम त्यांनी दोनदा वाचला. मंजुरीच्या आधी गोळा केलेली सामग्री ग्राह्य धरली जाणार नाही, आणि तशी आढळली तर प्रस्ताव बाद.

पाऊस लागून वाडा परत आला तसा मी संमतीपत्र छापून घेतलं आणि आजोळी गेलो. थोरला मामा कुंपणाशी बसून एका मेंढीच्या खुराला काही लावत होता. मी कागद काढला, चष्मा लावला आणि वर्गात वाचावं तसं वाचायला लागलो. त्यात त्याचं नाव कुठे नव्हतं. नियमाप्रमाणे तो होता माहितीदाता क्रमांक एक. धाकटा क्रमांक दोन.

“मी येक नंबर?” मामा म्हणाला. “आईक रं धाकल्या. सरकारदरबारी लागलं एकदाचं.”

धाकटा म्हणाला, “दोन नंबरवाल्याला काय मिळतंय?”

“शेपूट.”

दोघं हसले. मग नात्याचा रकाना आला. मी सांगितलं की तुम्ही माझे मामा आहात हे जाहीर करावं लागतं, म्हणजे मी तुमच्याशी पक्षपात करतो का ते त्यांना तपासता येईल. मामाने मेंढीचा पाय सोडला आणि माझ्याकडे बघितलं.

“मास्तर, लहानपनी तू माझ्या घोंगड्यात मुतलास, ते बी जाहीर करायचं का?”

तो मला मास्तरच म्हणायचा. बाकी भाचरांना नावानं, मला मास्तर. त्यात कौतुक किती आणि टिंगल किती हे मला कधी कळलं नाही. जिल्ह्याच्या रकान्यापाशी मी अडलो, कारण तिथे एकच जिल्हा लिहायची सोय होती. धाकटा म्हणाला, आमचं लिव्ह सांगली, मेंढरांचं लिव्ह सातारा. शेवटी सांगली लिहिलं.

मग शेवटचा नियम मी त्याला समजावून सांगितला. मंजुरी येईपर्यंत आपण ही ओवी घ्यायची नाही. तोवर तिला हात लावायचा नाही. असंच म्हणालो मी, हात लावायचा नाही, कारण मला वाटलं या शब्दांत त्याला नीट कळेल. मामाने विचारलं, अंगठा मी दिला की ती कुणाची? मी कागदात बघून सांगितलं, प्रकल्पाची. मामाने मान डोलावली. ती मान कशी डोलावली ते मला आज दिसतं, तेव्हा दिसलं नव्हतं. मग त्याने शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला, शेजारच्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, आणि मी भाकरी खाऊन परत आलो. काम फार सुरळीत झालं म्हणून येताना विट्याला थांबून स्वतःला पेढे घेतले.

कॉलेजात नीतिसमिती नव्हती, ती नव्याने बसवावी लागली. नियमाप्रमाणे एक डॉक्टर, एक वकील आणि एक सामान्य नागरिक. डॉक्टर, वकील मिळाले. सामान्य नागरिक व्हायला कुणी तयार होईना. शेवटी मी आमच्या शेजारच्या हळदीच्या व्यापाऱ्यांना गळ घातली. जैन गृहस्थ, सूर्यास्ताच्या आत जेवणारे, त्यामुळे बैठक दुपारी ठेवली. बैठकीत ओवी म्हणण्याने माहितीदात्याला शारीरिक इजा होण्याची शक्यता किती, यावर बरीच चर्चा झाली. डॉक्टरांनी घसा बसू शकतो असं नोंदवायला सांगितलं.  शेवटी व्यापाऱ्यांनी एकच विचारलं.

“मंजुरी यायच्या आत म्हाताऱ्यांना काही झालं, तर मग काय करायचं?”

अध्यक्षांनी नियमावली चाळली आणि त्याबद्दल काही दिलेलं नाही असं सांगितलं. व्यापारी म्हणाले, बरं. आणि सही केली. पायऱ्या उतरताना मी त्यांना म्हटलं की आमचे मामा खुटखुटीत आहेत, अजून शिराळ्यापर्यंत चालतात. ते म्हणाले, हळद पण वरून चांगलीच दिसते हो, मोडल्यावर कळतं. मला वाटलं, व्यापारी माणूस, बोलायची पद्धत आहे.

गणपतीच्या आसपास प्रस्ताव पोर्टलवर चढला. चढवताना बायको शेजारी बसली होती, कारण मला एकट्याला ते यंत्र घाबरवतं. दसरा झाला आणि प्रस्ताव परत आला. साक्षीदारांचे पत्ते अपुरे होते आणि माहितीदात्याचा जिल्हा व कार्यक्षेत्राचा जिल्हा वेगळा का, याचा खुलासा हवा होता. मुदत दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत. ती सुट्टी मी खुलासा लिहिण्यात घालवली. दर वर्षी वाडा निघायच्या सकाळी मी नाहीतर निदान माझा फोन तरी आजोळी जायचा, त्या वर्षी दोन्ही गेले नाहीत. खुलासा दोन पानांचा झाला. माणूस सांगली जिल्ह्यात झोपतो आणि त्याची मेंढरं सातारा जिल्ह्यात, हे शास्त्रीय भाषेत मांडायला मला बरेच कष्ट पडले. बायकोने वाचून चांगलं झालंय म्हटलं. वाडा तिकडे निघून गेला होता.

माघात धाकट्या मामाचा फोन आला. वाडा शिराळ्याच्या अलीकडे होता. थोरला सकाळी मेंढरं सोडायला उठला आणि कुंपणापाशी खाली बसला. उजवं अंग गेलं. तिथून जीपमध्ये घालून त्याला मिरजेच्या दवाखान्यात आणत होते. मी निघालो, आणि खोटं कशाला सांगू, मिरजेत रस्ता चुकलो. पोचलो तेव्हा त्याला खाटेवर घेतलं होतं. तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून त्याने बोलायचा प्रयत्न केला, आणि जे बाहेर आलं त्याला आवाज म्हणता येईल, शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, हाताचं बघू, चालेलही कदाचित काठी घेऊन, वाचेचं काही सांगता येत नाही.

दुपारी मी आणि धाकटा मामा दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलो होतो. तो हातातल्या चहाकडे बघत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, यंदा निघताना ओवी कशी झाली? नवी ओळ कुठली घातली थोरल्या मामानं?

“म्हटलीच न्हाई,” धाकटा म्हणाला.

मला वाटलं, बरं नसेल तेव्हापासूनच.

“तसं न्हाई. ती तुला दिलीया न्हवं. अंगठा झाला तवाच त्यानं तिला खाच मारली. निघताना आमी समदी म्हनलो, म्हन की. तर म्हनला, दिलेल्याला हात लावायचा न्हाई. मंजुरी आली की मास्तरच्या म्होरं म्हनीन.”

इथे खाचेचं सांगायला हवं. आजोळी एखादं कोकरू देवाला बोललं की त्याच्या कानाला छोटी खाच मारतात. त्या दिवसापासून ते देवाचं. विकायचं नाही, त्याची लोकर कातरायची नाही, वाघरातून, म्हणजे जाळीच्या कुंपणातून, पळालं तरी त्याला काठी लावायची नाही. देवापुढे जाईपर्यंत ते नुसतं सांभाळायचं. मी लहानपणी अशाच एका कोकराला उचललं होतं म्हणून थोरल्या मामाने मला आयुष्यात एकदाच चापट मारली होती. आणि मी त्याच माणसापुढे बसून, चष्मा लावून, सांगितलं होतं की अंगठा दिला की ती प्रकल्पाची आणि मंजुरीपर्यंत हात लावायचा नाही. त्याने ते बरोबर समजून घेतलं होतं. त्याच्यापाशी अशा वस्तूचा नियम आधीपासूनच होता, माझ्या नियमावलीपेक्षा जुना आणि पक्का.

“यात्रेत पण नाही?” मी विचारलं.

“यात्रंला बी न्हाई. लोकं रुसली. म्हनली, मास्तर भाचा झालाय, आता म्हातारं भाव खातंय. दादा नुसता हसला.” मग चहा खाली ठेवून तो म्हणाला, “वाटंनं चालताना मनात म्हनत आसंल. ओठ हलायचं त्येचं.”

संमतीपत्राची प्रत माझ्या बॅगेत होती. प्रकल्पाची फाईल मी तेव्हा सगळीकडे घेऊन फिरायचो, मूल हरवेल तशी जपायचो. मी ती बाकावर काढून वाचली. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, मीच भाषांतर केलेली ओळ होती. सहभागी व्यक्ती कोणत्याही वेळी, कारण न देता, आपली संमती मागे घेऊ शकते. त्या दिवशी कुंपणाशी मी ती वाचली होती का, ते मला आठवेना. वाचली असेलच, मी सगळं वाचलं होतं. पण मेंढीचा पाय, हसणं, जिल्ह्याचा रकाना, यात ती निघून गेली असणार.

मी आत गेलो आणि मामाच्या खाटेपाशी वाकलो. म्हटलं, मामा, ती ओवी परत घेता येते. कागदातच लिहिलंय. तुम्ही हो म्हणा, मी आजच कळवतो, मग ती तुमची तुम्हाला मोकळी.

त्याने माझ्याकडे बघितलं. धड असलेला डावा हात उचलला आणि माझ्या हातातला कागद हळूच माझ्याकडेच ढकलला. डोळ्यांत राग नव्हता. चुकीच्या कोकराला हात घालणाऱ्या पोराकडे बघावं तसं काहीतरी होतं. खरं म्हणजे परत घेऊन तरी तो काय करणार होता? ती म्हणायची कशाने?

मंजुरी उन्हाळ्यात आली. पोर्टलवर हिरव्या अक्षरांत अभिनंदन लिहिलं होतं. मी ते बायकोला दाखवलं, तिने वाचलं आणि उठून कुकर लावला. प्रकल्प सोडून द्यावा असं मला वाटत होतं. पाऊस लागून वाडा परतल्यावर तसं कळवायला आजोळी गेलो. मामा आता काठी घेऊन अंगणात फिरायचा, पण बोलणं आलं नव्हतं. मंजुरी आली म्हटल्यावर मात्र तो एकदम उठून बसला. धाकट्याकडे बघून त्याने हाताने खूण केली. धाकटा नको म्हणत होता. पुढची ओळ न्हाई तर मागची कशी म्हनू, म्हणत होता. थोरल्याने काठी जमिनीवर आपटली. मग ठरलं की दिवाळीनंतर, निघायच्या सकाळी.

त्या सकाळी मी ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन गेलो. या वर्षी वाड्याबरोबर थोरला जाणार नव्हता. त्याला कुंपणापाशी खाटेवर बसवलं. मेंढरं पुढ्यात गोळा झाली, घोड्यांवर बिऱ्हाड लादलं. मी यंत्र सुरू केलं. थोरल्याने काठी उचलली आणि जमिनीवर टेकवायला लागला, हळू, लयीत. त्याची ओळ जेवढी लांब तेवढी काठी. मग काठी थांबली आणि धाकट्याने मागून जागेचं नाव घेतलं आणि हाळी दिली. पुन्हा काठी. पुन्हा एक नाव. लांब ओळ असली की काठी बराच वेळ चाले, आणि आम्ही सगळे उभं राहून त्या ओळीत काय आहे ते आठवायचा प्रयत्न करायचो. एका ठिकाणी धाकट्याचा आवाज फुटला, तेव्हा थोरल्याने आपली ओळ काठीनं पुन्हा पहिल्यापासून वाजवली आणि वाट बघितली. शिराळ्यापर्यंत ते असेच गेले. मग मेंढरं हलली. धाकटा मागे न बघता त्यांच्यामागून गेला. यंदा माझ्या हातात कोकरू नव्हतं.

अहवाल भरायला सांगलीला घरी बसलो. नियमाप्रमाणे ओवीची प्रत्येक ओळ वेगळ्या रकान्यात टाइप करायची होती, आधी पुढच्या गाणाऱ्याची, मग मागच्याची. धाकट्याची शेपटं मी भरली. थोरल्याचे रकाने रिकामे ठेवले, आणि पुढे जायचं बटण दाबलं. लाल अक्षरं आली. हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. कानाला इयरफोन लावून मी ते ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून ऐकलं, काहीतरी भरता येईल म्हणून. बायकोने एक बाजू स्वतःच्या कानाला लावली. दोघं बराच वेळ ऐकत बसलो.

“इथे रिकामं कुठाय?” ती म्हणाली.

मग मी माहितीदाता क्रमांक एकच्या पहिल्या रकान्यात लिहिलं, काठी. लाल अक्षरं गेली. खालच्या रकान्यातही तेच लिहिलं, आणि त्याच्या खालच्यातही.